कोयनेलची पुडी आणि गावचे डबके

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक समजूत इतकी रूढ झाली आहे की, तिला विरोध करणारा कृतघ्न ठरावा. ती अशी की, हिवतापाच्या तडाख्यातून या देशाला कोयनेलने, म्हणजे क्विनाइनने, सोडविले. औषध सापडले तेव्हाच रोगाचा निकाल लागला. आता उरले ते केवळ गोळी वेळेवर घेण्याचे काम. ही समजूत चुकीची तर आहेच. पण ती सोयीचीही आहे, आणि म्हणूनच ती सुटत नाही.

कोयनेलची थोरवी आम्ही नाकारीत नाही. १८२० साली पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून हे सत्त्व वेगळे काढले. त्यानंतर शतकभर हिवतापावर याहून खात्रीचे औषध माणसाच्या हाती नव्हते. मार्कहॅम यांच्या खटपटीने १८६० च्या सुमारास ते झाड निलगिरीवर आले. १८९२ पासून बंगालात, व पुढे अन्य प्रांतांतही, टपालकचेरीत पैशाला पुडी मिळू लागली. परंतु ही पुडी करी काय? रक्तातील जंतू ती मारी. पाळीच्या तापाचे जे जंतू यकृतात दडून बसतात, त्यांस तिचा स्पर्शही होत नसे. म्हणून गेलेला ताप काही महिन्यांनी पुन्हा हजर होई. आणि डास तर जेथल्या तेथेच!

डासाचा अपराध कोणास ठाऊक नव्हता, असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातील होटगी घ्या. मुंबई–मद्रास लोहमार्गावरील हे जंक्शन. विजापूरचा फाटा येथूनच निघतो, आणि पूर्वेकडची गाडी वाडीवरून सिकंदराबादेस पोहोचते. त्याच सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचा जंतू दिसला. सत्य होटगीपासून एका दिवसाच्या प्रवासावर होते! तरीही लोहमार्गाच्या भरावासाठी खणलेले खड्डे देशभर पावसाच्या पाण्याने भरत राहिले, आणि त्यांच्या काठच्या वस्त्यांच्या वाट्यास पुडीच आली. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातील विहिरींवर बोट ठेवले. तेव्हा विहिरी बुजविण्याच्या गोष्टीस धर्माच्या नावाने विरोध झाला. पुडी सरकारास स्वस्त, आणि नागरिकास निरुपद्रवी. मग खड्डे बुजविण्याची यातायात कोण करणार?

शिवाय त्या पुडीचा भरवसा तरी किती? जगातील कोयनेलच्या उत्पादनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या जावा बेटाचा झाला होता. १९४२ साली जपानने ते बेट घेताच औषधाचा दुष्काळ पडला. आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीने खंगलेली माणसे हिवतापाने मेली.

कोणी म्हणेल, हा इतिहास झाला. आता औषधे सुधारली. खरे आहे. गंभीर हिवतापात आज आर्टेसुनेटच्या इंजेक्शनास पहिला मान आहे, आणि कोयनेल मागच्या रांगेत गेले आहे. पण औषध बदलले म्हणून वृत्ती बदलली काय? १९५३ पासून डी.डी.टी.ची फवारणी आणि रुग्णांचा घरोघर शोध यांच्या बळावर १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखावर आली होती. यश आले असे वाटून देखरेख सैल पडली, डासही विषास सरावले, आणि १९७६ साली तीच संख्या चौसष्ट लाखांवर गेली. त्या अकरा वर्षांत औषधांचे ज्ञान काही कमी झाले नव्हते. कमी झाला होता तो जागरूकपणा.

आणि शिकल्यासवरलेल्यांच्या घरी काय चालते? रक्त न तपासता गोळी घ्यावयाची. ताप उतरला की चौदा दिवसांचे प्रायमाक्विन चौथ्या दिवशी सोडावयाचे. आणि गच्चीवरील पाण्याची टाकी उघडी ठेवून गडचिरोलीच्या हिवतापाबद्दल हळहळावयाचे. शहरी हिवतापाचा डास अशाच टाक्यांत वाढतो, हे या हळहळणाऱ्यांस कोणी सांगावे?

औषध रोग्याचा हक्क आहे. ते त्यास मिळालेच पाहिजे. परंतु गोळ्या वाटल्याचा आकडा हा कोणत्याही ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या कर्तव्यपूर्तीचा पुरावा मानू नये. होटगी असो की मुंबई, पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभेत प्रथम विचारावे ते हेच: किती खड्डे बुजविले, किती टाक्या झाकल्या? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत गोळ्यांचा हिशेब ऐकून घेऊ नये.