शाळेला नाव कशाला हवं?

'त्या पोराला काढून टाका असं आम्ही म्हणत नाही, पण निदान आम्हाला कळायला तरी हवं!' पालकसभेत कुणी असं म्हणालं की माना डोलतात. मागणी रास्त वाटते. एचआयव्ही असलेल्या मुलाचा घात मात्र नेमका इथूनच सुरू होतो.

लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' उभारलं. तिथली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू लागली, तेव्हा 2009 मध्ये गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच बंद केलं. 2014 मध्ये गोव्यात रिवणला तेच घडलं. इतर पालकांच्या दबावामुळे संस्थेत राहणाऱ्या 13 मुलांना तिथलं हायस्कूल सोडावं लागलं. या मुलांच्या पत्त्यावरूनच आजार कळत होता, त्यामुळे लपवायला काही उरलंच नव्हतं. आई, आजी नाहीतर काकाकडे राहून शिकणाऱ्या मुलाचं तसं नाही. त्याच्याजवळ अजून एक गोष्ट शाबूत असते, ती म्हणजे कुणाला ठाऊक नसणं.

कासूचंच बघा. रायगड जिल्ह्यात पेण आणि नागोठण्याच्या मधलं हे स्टेशन. इथे कोण कुठल्या गाडीने गेलं आणि कशाला गेलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. अशा गावातलं एखादं मूल औषधासाठी ठरल्या तारखेला वडखळवरून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जात असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला रजेचा अर्ज द्यावा लागतो. 'काय रे, परत अलिबाग? झालंय तरी काय तुला?' गुरुजी मायेनेच विचारतात, पण भर वर्गात. चाळीस पोरांचे कान टवकारतात. अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलंय ना, मग तेवढ्यावर थांबावं.

कायदाही हेच सांगतो. 2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. या आजारावरून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, वेगळं बसवता येत नाही. आपली स्थिती सांगण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. एखाद्या आईने विश्वासाने बाईंच्या कानावर घातलंच, तर तिच्या संमतीशिवाय ते बाईंनी स्टाफरूममध्येही बोलायचं नाही. याच कायद्यात एक हृद्य तरतूद आहे. या आजाराची झळ पोचलेल्या घराचा कारभार बारा वर्षांवरचं समजदार भावंड पाहत असेल, तर धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी ते पालक म्हणून उभं राहू शकतं. आता प्रवेशाच्या टेबलावर अशी तेरा वर्षांची ताई आली, तर 'मोठं कुणी नाही का घरात?' हा प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो, हे किती मुख्याध्यापकांना ठाऊक आहे?

सरकारचंही एक कोडं आहे. आरटीईच्या 25 टक्के प्रवेशात महाराष्ट्राने एचआयव्हीबाधित आणि प्रभावित बालकांना वंचित घटकात घेतलं, हे चांगलंच केलं. पण त्या जागेसाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. म्हणजे हक्क मिळवायचा तर आजाराचं नाव लिहिलेला कागद झेरॉक्सच्या दुकानातून पडताळणीच्या टेबलापर्यंत फिरवायचा. लहान गावातली आई त्यापेक्षा जागा सोडून देईल. दाखल्याची तपासणी रुग्णालयातच व्हावी आणि शाळेकडे 'वंचित घटक, पात्र' एवढाच शेरा जावा. त्याला फार मोठा खर्च नाही.

राहिली पालकांची भीती. डबा वाटून खाल्ल्याने, एका बाकावर बसल्याने, खेळल्याने एचआयव्ही पसरत नाही. रक्ताचं काय, असं विचाराल, तर बाधित मुलांच्या नावांच्या यादीने तिथेही काही साधत नाही. तपासणीच न झालेलं मूल यादीत येणार कसं? आणि रक्तातून एचआयव्हीपेक्षा सहज पसरणाऱ्या हिपॅटायटिस बीची यादी कोण ठेवतं? रायगडात कबड्डी घरोघरची. गुडघा कुणाचाही फुटो, मलमपट्टी करणाऱ्याने हातमोजे घालायचे, सांडलेलं रक्त जंतुनाशकाने पुसायचं, नंतर हात साबणाने धुवायचे. हा नियम प्रत्येक मुलासाठी पाळला, तर आजार कुणाला आहे हे विचारावंच लागत नाही.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी नावं विचारू नयेत. प्रथमोपचार पेटी उघडायला लावावी. बहुतेक ठिकाणी त्यात हातमोजे सापडणार नाहीत. भांडायचंच असेल तर त्यासाठी भांडावं.