खंडेनवमीचे पाणी आणि लोखंड

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वखर-तिफणीपासून लेथपर्यंत सर्व अवजारांची पूजा होते. या पूजेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु पूजेनंतर त्या लोखंडाचे काय होते, याकडे आमचे लक्ष गतवर्षी एका लहानशा कारखान्यात गेले. यंत्रांवर पाणी शिंपडलेले, हळदकुंकू वाहिलेले आणि लेथच्या बेडवर झेंडूचा ओला हार. दसऱ्याची सुटी संपवून मालकांनी हार उचलला, तो खाली तांबूस पट्टा! त्यांनी तो पॉलिश पेपरने घासून काढला. पण घासण्याने बेडची अचूक सपाटी बिघडली. यंत्र कर्ज काढून घेतलेले होते.

लोखंडास पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. क्षार असतील तर तो झपाट्याने वाढतो. घामाचा हातही त्यास पुरतो. मग पावसाळाभर ओल खाल्लेली वखराची पास मातीसकट कोपऱ्यात टाकून वर रासायनिक खताचे पोते टेकवणाऱ्या शेतकऱ्यास काय म्हणावे? (हा दोष आमच्याही घरचा आहे.)

ज्यांनी आपली शकुंतला पाहिली, त्यांना निराळे उदाहरण नको. मँचेस्टर येथे १९२१ साली घडविलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत यवतमाळच्या त्या अरुंद मार्गावर धावले. पाणी आणि वाफ यांच्याच संगतीत सत्तर वर्षे! रोज पुसणारे, रोज तेल घालणारे हात नसते, तर हे घडते ना.

आमचे म्हणणे इतकेच की, तेलाचा हात हाही पूजेचाच विधी मानावा. अष्टमीस अवजारे घासून, पूर्ण कोरडी करून घ्यावीत. कुदळ-फावड्यास जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा. ते वाळून पापुद्रा धरते. लेथला मात्र ते नको, चिकटून बसेल. तेथे यंत्राचे तेलच हवे. गंध-कुंकू रंग दिलेल्या भागावर लावावे, उघड्या पोलादावर पाण्याऐवजी अक्षता वाहाव्यात. हार रात्री उतरवावा आणि दसऱ्याला आपट्याची पाने वाटण्यास निघण्यापूर्वी कोरड्या फडक्याने एकदा सारे पुसून घ्यावे. फडके तेथेच ठेवू नये. कापूस ओल धरतो, हे कापसाच्या जिल्ह्यास आम्ही काय सांगावे!