‘विंटेज एचएमटी’ घेताय? आधी मागचं झाकण उघडायला सांगा

हिवरे बाजारात बसून मोबाईलवर ‘एचएमटी पायलट’ शोधा. पाच मिनिटांत डझनभर घड्याळं समोर येतील. काळी डायल, निळी डायल, केशरी डायल, एखाद्यावर चक्क सैन्याचं चिन्ह. खाली लिहिलेलं, ‘ओरिजिनल, १९७० च्या दशकातलं, कंडिशन नव्यासारखी’. आजोबांच्या हातावर होतं तसं घड्याळ दोन-अडीच हजारांत मिळतंय म्हटल्यावर बोट आपोआप ‘बाय’कडे जातं. पण पन्नास वर्षांचं घड्याळ नव्यासारखं दिसतंय, हीच पहिली शंका.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि कपाटात पडलेल्या ‘जनता’, ‘पायलट’ला अचानक भाव आला. मागणी वाढली, पण चांगल्या अवस्थेतली जुनी घड्याळं थोडीच. मधली जागा भरली ‘मुंबई स्पेशल’ने.

हा शब्द जगभरचे संग्राहक वापरतात, आणि कौतुकाने नाही. चार बंद घड्याळांचे सुटे भाग जोडून एक चालू घड्याळ करायचं, जुनी डायल घासून नव्याने रंगवायची, छापायची आणि ‘ओरिजिनल’ म्हणून विकायची. जुनी काच, पट्टा, चावी बदलणं यात काही गैर नाही, ती दुरुस्तीच आहे. रंगवलेली डायलही कुणाला आवडू शकते. पण ती तशी सांगून, त्या किमतीत विकायला हवी. शिवाय एकदा घासलेली मूळ डायल परत येत नाही, म्हणजे खरी घड्याळं दरवर्षी कमीच होतात.

मग फोटोवरून काय बघायचं? डायलचा फोटो झूम करा. कंपनीची छपाई बारीक आणि धारदार असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड, पसरलेली दिसतात, मिनिटांच्या रेषा वाकड्या आणि अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त. डायल कोरी करकरीत, पण काट्यांवर गंज आणि केसवर ओरखडे असतील, तर सगळे एकत्र म्हातारे झालेले नाहीत हे उघड आहे.

खरी परीक्षा मात्र आत. विक्रेत्याकडे मागचं झाकण उघडलेला फोटो मागा, नाही दिला तर सौदा सोडा. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही चावी द्यायची घड्याळं आहेत. आत गोल फिरणारं अर्धवर्तुळाकार वजन दिसलं तर मशीन ऑटोमॅटिक घड्याळाचं आहे, आणि बॅटरी दिसली तर बोलायलाच नको. मशीनवर एचएमटीचं नाव कोरलेलं आहे का, तेही बघा.

सेकंडहँड सेको घेणाऱ्यांचं काम थोडं सोपं आहे. मागच्या झाकणावर मॉडेलचा कोड असतो, त्याचे पहिले चार आकडे आतल्या मशीनवरच्या नंबरशी जुळले पाहिजेत. डायलच्या अगदी खालच्या कडेलाही बारीक कोड असतो. रंगवलेल्या डायलवर तो बऱ्याचदा गायब असतो किंवा नुसता अंदाजाने छापलेला. जुन्या सेकोच्या सीरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, दुसरा महिना. दशक मात्र मॉडेलवरून ओळखावं लागतं.

टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे पळतंय ते सांगणारी ॲप्स मिळतात. मजेशीर आहेत, पण ती घड्याळाची तब्येत सांगतात, जात नाही. जोडलेलं मशीनही मस्त चालू शकतं. त्यापेक्षा विक्रेत्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो तीन वेगळ्या नावांनी विकायला असेल, तर घड्याळ बहुधा त्याच्याकडे नाहीच.

हिवरे बाजारात विहिरींची पातळी मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरतात. ज्या गावाला ही सवय आहे, तिथल्या पोराला विक्रेत्याकडे आणखी दोन फोटो मागायला लाज वाटायचं कारण नाही. मुंबईच्या चोर बाजारात जाणाऱ्याला घड्याळ हातात घेता येतं, तुमच्याकडे फक्त स्क्रीन आहे. म्हणून आगाऊ पैसे टाळा, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि नगरमधल्या एखाद्या जुन्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून झाकण उघडून घ्या. दुकानदाराने फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, पैसे घेऊन माणूसच गायब झाला तर सायबर हेल्पलाइन १९३०.

आणि नुसतं चकचकीत एचएमटी हवं असेल, तर एचएमटी कंपनी आजही नवी घड्याळं स्वतः ऑनलाइन विकते.