ग्राफिक डिझाइन शिकायचंय? मग फॉर्म जूनमध्ये नाही, ऑक्टोबरात भरा

बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या दोन-चार घरांत एकच प्रश्न येतो. पोराचा हात चांगला आहे, चौदा एप्रिलचं बॅनर तो मोबाइलवरच करतो, जयंतीच्या रांगोळीत बाबासाहेबांचा चेहरा हुबेहूब उतरवतो, त्याला 'ग्राफिक डिझाइन' करायचं आहे. तर कुठे घालायचं? मग कुणीतरी बसच्या मागची जाहिरात सांगतो, कुणी चौकातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासचा पत्ता देतो. 'शंभर टक्के नोकरीची हमी' असं पाटीवर लिहिलेलं असतं. आई पतसंस्थेत जाते, वडील पीएफमधून पैसे काढतात.

माझं म्हणणं सरळ आहे. जूनमध्ये हा प्रश्न विचारणारं घर अर्धी लढाई आधीच हरलेलं असतं. ज्या संस्थांमध्ये आपल्यासाठी संविधानाने जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांचे अर्ज साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात भरून घेतले जातात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे एनआयडीची प्रवेश परीक्षा 'डॅट' आणि आयआयटींमधल्या बी.डेस.साठीची 'यूसीड' या दोन्हींचा पहिला टप्पा बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेआधीच उरकलेला असतो. यूसीड तर दरवर्षी जानेवारीत होते, आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या, घरात कुणी आर्किटेक्ट किंवा जाहिरात कंपनीत असलेल्या मुलाला हे नववीतच ठाऊक असतं. आपल्या पोराला ते कळतं तेव्हा जूनमध्ये फक्त खासगी दुकानं उघडी असतात. त्यांचे दरवाजे ऑगस्टपर्यंत उघडेच असतात, कारण तिथे प्रवेशाची अट चेकबुक हीच असते.

समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ते फ्रान्सच्या उदाहरणावर मांडलं. आपल्याकडे त्याला जातीची जोड आहे, म्हणून ते भांडवल जास्त घट्ट आणि जास्त अदृश्य आहे. माहिती हीसुद्धा वारशानेच मिळते. जमिनीसारखी.

आता दारं कुठली ते सांगतो. एनआयडी अहमदाबादला १९६१ साली उभी राहिली. पुढे आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसाममध्येही एनआयडी सुरू झाल्या. आयआयटी मुंबईतलं आयडीसी १९६९चं आहे, तिथे बी.डेस. २०१५पासून आहे. या केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. बारावी कुठल्याही शाखेची चालते, कला शाखेचीसुद्धा. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण 'सायन्स नाही म्हणून आयआयटी नाही' असं समजून बसलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. आयआयटीत पदवीच्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. वसतिगृह आणि मेसचा खर्च राहतो. शिवाय अनुसूचित जातींसाठी केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख आहे. म्हणजे वडील कायम नोकरीत असले तरी बहुतेक घरं तिच्यात बसतात.

राज्याच्या पातळीवर या शिक्षणाचं जुनं नाव उपयोजित कला असं आहे आणि पदवी बी.एफ.ए. मुंबईचं जे.जे., नागपूर आणि औरंगाबादची शासकीय कला महाविद्यालयं ही त्याची घरं. राज्याच्या सीईटी कक्षाची चित्रकलेची वेगळी प्रवेश परीक्षा असते. जे.जे.ला २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथले प्रवेशाचे आणि शुल्काचे नियम जुन्या सीनियरला विचारून चालणार नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच वाचायची. एक प्रतिष्ठित शासकीय संस्था 'स्वायत्त' होते तेव्हा फी आणि आरक्षण यांचं पुढे काय होतं, याकडे चळवळीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

खासगी विद्यापीठांची गोष्ट वेगळी आहे. २००५च्या ९३व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आलं आणि खासगी संस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण केंद्राने २००६ साली जो कायदा केला तो केंद्रीय संस्थांपुरता. त्यामुळे चकचकीत कॅम्पस दाखवणाऱ्या डिझाइन स्कूलमध्ये जाण्याआधी दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा : या अभ्यासक्रमात अनुसूचित जातीच्या राखीव जागा किती, आणि हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी दिसतो का? समुपदेशक मॅडम विषय बदलून तुम्हाला स्टुडिओ दाखवायला नेऊ लागल्या, तर उत्तर मिळालं असं समजा.

माझ्या ओळखीतल्या एका घराने अशाच एका संस्थेत, नाव घेत नाही, पहिल्या वर्षी कर्ज काढून पैसे भरले. शिष्यवृत्ती मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. पोर्टलवर तो अभ्यासक्रम नव्हताच. मुलगा दुसऱ्या वर्षी बाहेर पडला आणि आता लग्नपत्रिकांच्या दुकानात बसतो. काम वाईट नाही, हात अजून चांगलाच आहे त्याचा. पण बहिणीच्या बारावीनंतर घराने तिला शिकवायला नकार दिला, कारण कर्ज फिटलेलं नव्हतं. एका चुकीच्या प्रवेशाची किंमत घरातल्या मुलीने भरली.

आणि मुलींचाच विषय निघाला म्हणून : 'अहमदाबाद लांब आहे' म्हणून शासकीय संस्थेतली जागा नाकारायची आणि पुण्यात कितीतरी पट फी भरून खासगीत घालायचं, हा हिशोब मी सुशिक्षित बौद्ध घरांतही पाहिला आहे. त्याला काळजी म्हणतात. माझ्या मते तो सावित्रीमाईच्या लेकींवरचा अविश्वास आहे.

आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, हे सगळं कशाला? कलेने पोट भरत नाही, एमपीएससी कर, बँकेची परीक्षा दे. त्यांच्या पिढीने राखीव नोकरीवर आख्खी कुटुंबं वर काढली, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण आज सरकारी भरती किती आटली आहे ते तेही जाणतात. आणि ज्या क्षेत्रात आरक्षण नाही, म्हणजे जाहिरात कंपन्या, वृत्तपत्रं, प्रकाशनं, मोबाइल ॲपचं डिझाइन, तिथे शिरताना संस्थेचं नाव आणि तिथले वर्गमित्र हीच शिडी असते. म्हणून कोणत्या संस्थेत शिकलो याला या धंद्यात नको तितकं महत्त्व आहे. ते असू नये, पण आहे.

दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. आपली चळवळ छापखान्यातून वाढली. १९२०चा 'मूकनायक', १९२७चा 'बहिष्कृत भारत', १९३०चा 'जनता', १९५६चा 'प्रबुद्ध भारत'. पैशाची चणचण असताना बाबासाहेबांनी छापखाना उभा केला, कारण इतरांच्या छापखान्यात आपला शब्द त्यांच्या मर्जीवर राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दादरच्या आंबेडकर भवनात असलेला बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ला पाडला गेला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. पण त्या छापखान्याचं आजचं रूप कुठे आहे, हे कुणी विचारलं? ते स्क्रीनवर आहे, आणि तिथे आपण काय करतो? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना लागणारे फ्लेक्स आठवा : इच्छुक नगरसेवकाचा चेहरा सहा फुटी, बाबासाहेब कोपऱ्यात, बुद्धाच्या डोक्यावर कुणाचा तरी मोबाइल नंबर, अक्षरं वाचता येत नाहीत. हा दोष पैशाचा नाही. आपण दृश्याचा विचार गंभीरपणे केलाच नाही, याचा आहे.

ज्यांनी केला, त्यांनी काय साधलं तेही समोर आहे. सवी सावरकरांनी देवदासी आणि अस्पृश्यता यांना चित्रात आणलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 'भीमायन' चितारलं. सिद्धेश गौतम 'बेकरी प्रसाद' या नावाने आणि राही पुण्यश्लोक 'आर्टेडकर' या नावाने जे करतात, ते आज देशभरच्या पोरांच्या मोबाइलमध्ये आहे.

आता ज्या डिझाइन शिक्षणात आपण जाणार आहोत, त्याच्या पायाशी काय आहे ते बघा. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. एनआयडी त्यातूनच जन्मली. डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातला लोट्यावरचा उतारा वाचायला मिळतो. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना साधा लोटा सर्वांत सुंदर वाटला. तो कुणा एकाने घडवलेला नाही, कित्येक पिढ्यांनी घडवला. त्यात पाणी किती मावतं, डोक्यावर आणि कमरेवर तोल कसा राहतो, धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, किंमत किती, असे प्रश्न त्यांनी मांडले. उतारा सुंदरच आहे, मी तो आवडीने वाचला. पण त्या यादीत एक प्रश्न नाही : हा लोटा कुणी शिवायचा? त्या अहवालाच्या ३१ वर्षं आधी, २० मार्च १९२७ला, महाडच्या तळ्यावर माणसं ओंजळीने पाणी प्यायली होती. लोट्याचा आकार ज्यांच्या हातांनी घडला, त्यांतल्या किती हातांना गावच्या पाणवठ्यावर तो बुडवायची मुभा होती? परदेशी पाहुण्यांना हे दिसलं नाही, समजू शकतो. पण आपल्या डिझाइन वर्गांत आजही तो उतारा हा प्रश्न न विचारता शिकवला जातो, कारण विचारणारं पोरगं वर्गात नसतं.

याच संस्थांमध्ये विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन त्यांच्या कलेची नोंद करतात. बांबू, चामडं, माती, विणकाम. अहवाल देखणे असतात. ज्यांचं ज्ञान त्यात उतरतं त्यांच्या घरातलं पोर त्या वर्गात यावं, एवढंच माझं मागणं आहे.

आत गेल्यावर सगळं सुखाचं असेल असं मी खोटं सांगणार नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी हा अठरा वर्षांचा दलित विद्यार्थी गेला. कुटुंबाने जातीय छळाचा आरोप केला, संस्थेच्या समितीला त्याचा थेट पुरावा मिळाला नाही. डिझाइनमध्ये तर भेदभाव 'टेस्ट' या शब्दाआड लपतो. तुमचा निळा रंग 'लाउड' ठरतो, तुमची इंग्रजी ज्युरीसमोर अडखळते आणि गुण मात्र चित्राला कमी मिळतात. म्हणून प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच तिथल्या आपल्या मुलांचा शोध घ्या. आयआयटी मुंबईत आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल आहे. जिथे असं मंडळ नाही, तिथे दोघांनी मिळून सुरू करा, पण एकटं राहू नका.

चार वर्षांची पदवी सगळ्यांना मिळणार नाही, हेही खरं. जागा मोजक्या आहेत. मग वर्षभराचा छोटा कोर्स करायला हरकत नाही, पण कर्ज काढून नाही. इंकस्केप, गिम्प, क्रिता, स्क्रायबस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट फुकट आहे. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' तर विंडोजसोबतच मिळतो. देवनागरी अक्षराची नीट जाण असलेले डिझाइनर कमी आहेत आणि मराठीत काम भरपूर आहे. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलाने इथून सुरुवात करावी. एखाद्या चांगल्या छापखान्यात सहा महिने काढलेत तर कागद, शाई आणि कटिंग यांचं जे कळतं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं.

कार्यकर्त्यांसाठी मात्र काम स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असलेल्या शाळेला कलेचा अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. आपल्या भागातल्या शाळेत तो आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा, नसेल तर अर्ज टाका. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांना विहारात जमणारी मुलं बसतात का ते पाहा. जातीच्या दाखल्याचं काम अकरावीतच उरका : राज्यातल्या प्रवेशाला जात वैधता लागते, केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि बौद्ध असल्याची नोंद व मूळ अनुसूचित जात हे दोन्ही त्यावर नीट नसेल तर ऐन वेळी तहसीलचे हेलपाटे सुरू होतात. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण खिडकीवरच्या कारकुनाला ते दर वेळी नव्याने सांगावं लागतं. मुंबई, पुणे, नागपूरला शिकायला जाणाऱ्या आणि शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलामुलींना स्वाधार योजनेतून वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यामुळे उत्पन्नाचा दाखलाही वेळेत काढा.

धम्मचक्र प्रवर्तन दिन साधारण त्याच हंगामात येतो, जेव्हा हे फॉर्म निघालेले असतात. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. यंदा प्रत्येक जिल्ह्याच्या एका स्टॉलवर एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि फॉर्म भरून देणारे दोन कार्यकर्ते बसवता येतील का? माझ्या वस्तीतल्या विहारात आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बसणार आहोत. येताना दहावीचं गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार आणि वही आणा, तीच वही, जिच्या मागच्या पानांवर चित्रं आहेत.