ज्यूरीच्या वर्तनाची चौकशी केव्हां व्हावी?

निवाडा विरुद्ध गेला कीं पंचांनीं लांच खाल्ली असें म्हणणारे व्यापारी आमच्या नाशिकच्या पेठेंत दुर्मिळ नाहींत. लांच कोणीं, केव्हां, कोणासमक्ष दिली असें विचारलें म्हणजे मात्र बहुधा उत्तर मिळत नाहीं. ज्यूरीविरुद्धच्या तक्रारीसही हीच कसोटी लावावी, असें आमचें मत आहे.

नानावटी खटल्याचेंच पाहा. १९५९ सालीं मुंबईच्या सेशन्स कोर्टांत ज्यूरींतील नऊ जणांपैकीं आठांनीं आरोपीस निर्दोषी ठरविलें. 'ब्लिट्झ' साप्ताहिक उघड आरोपीचा कैवार घेत होतें. त्या हवेनें ज्यूरी वाहवली, अशी समजूत पुष्कळांची आजही आहे. जज्ज मेहता यांनीं तत्कालीन फौजदारी संहितेच्या ३०७ व्या कलमान्वयें प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें. हायकोर्टानें १९६० सालीं जन्मठेप दिली व सुप्रीम कोर्टानें २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं ती कायम केली. परंतु या कोर्टांनीं तपासला तो पुरावा, आणि तपासलें तें जज्जांनीं ज्यूरीपुढें केलेलें निरूपण. ज्यूरींतील गृहस्थ घरीं कोणतें पत्र वाचीत हें नव्हे. मत चुकलें एवढ्यावरून तें देणारा भ्रष्ट ठरत नाहीं. उलट पैसे घेऊन दिलेलें मत योगायोगानें बरोबर असलें, तरी तें टिकतां कामा नये.

म्हणून पक्षकाराची गुप्त भेट, पैसा, धमकी असें बाहेरचें निश्चित कृत्य प्रत्यक्ष जाणणाऱ्यानें शपथेवर सांगितलें, तर न्यायाधीशानें निकालानंतरही चौकशी केलीच पाहिजे. ज्यूरीच्या खोलींतील बोलणें मात्र गुप्त राहावें. १७८५ सालीं इंग्लंडांत ज्यूरीनें नाणेंफेक करून निकाल दिल्याचें ज्यूरींतीलच गृहस्थांनीं शपथेवर सांगितलें, तरी लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं तें ऐकलें नाहीं. नियम कठोर खरा! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें २०१७ सालीं त्यास एक अपवाद केला: ज्यूरींतील कोणी वंशद्वेषानेंच दोषी ठरविल्याचें स्पष्ट बोलला असेल, तर कोर्टानें तें ऐकावें. जातिभेदानें ग्रासलेल्या आमच्या देशास या अपवादाचें मोल निराळें सांगावयास नको.

आमच्याकडे १९७३ च्या फौजदारी संहितेनें ज्यूरी राहिली नाहीं. पेठेंतील पंच मात्र आहेत. १९९६ च्या लवाद कायद्यानें पंचानें पक्षकारांशीं असलेले आपले संबंध आरंभींच लेखी कळवावयाचे असतात, आणि शंकेचें कारण कळल्यापासून पंधरा दिवसांत पक्षकारानें हरकत नोंदवावयाची असते. निवाडा हातीं पडेपर्यंत ती हरकत खिशांत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याविषयीं आम्हांस फारशी सहानुभूति वाटत नाहीं.