शोधनिबंधातील हरवलेला कर्ता

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शोधनिबंध तपासताना सुबोधतेचा विचार बहुधा शब्दांपुरताच केला जातो. अवघड संस्कृत शब्द बदलला, लांब वाक्य दोन ठिकाणी तोडले, की निबंध सुबोध झाला असे मार्गदर्शकही मानतात. शासनाचे माहितीसंकलन आणि नागरिकांवरील पाळत यांसारखा विषय समोर आला, की ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येते.

अशा निबंधातील एक नमुनेदार वाक्य घ्यावे : ‘आधारच्या माध्यमातून नागरिकांची माहिती संकलित करून त्यांच्यावर नियंत्रण प्रस्थापित करण्यात येत आहे.’ यात अवघड शब्द एकही नाही. पण माहिती कोण घेतो, कोणती घेतो, ती कोठे व किती काळ राहते, याचा पत्ता लागत नाही. ‘करण्यात येत आहे’ ही सरकारी परिपत्रकाची लकब. शासनावर टीका करणारा विद्यार्थी शासनाच्याच वाक्यरचनेत लिहितो आणि ज्याला जाब विचारावयाचा तो कर्ताच वाक्यातून निसटतो.

खानदेशातील विद्यार्थ्याला तरी उदाहरणासाठी दूर जावे लागू नये. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे दिले गेले. १९९८ पर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. आज एखादी स्त्री रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवते तेव्हा त्या पडताळणीची नोंद भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाकडे जाते. पडताळणीचा हेतू नोंदवण्यास कायद्याने मनाई आहे. या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ठरवले. एवढे लिहिले की वाक्याचा आवेश ओसरतो हे खरे. मात्र ते खोडून काढावयाचे तर प्रतिपक्षालाही पुरावा द्यावा लागतो. त्याच निकालात पाचपैकी एका न्यायमूर्तींनी संपूर्ण कायदा घटनाबाह्य मानला होता. तेव्हा नेमकेपणाने टीकेची धार बोथट होते, ही भीती अनाठायी आहे.

दुसरा दोष शालेय निबंधलेखनाचा वारसा आहे. पुनरुक्ती टाळण्यासाठी विद्यार्थी एकाच परिच्छेदात ‘पाळत’, ‘देखरेख’, ‘निरीक्षण’ आणि ‘सर्वेक्षण’ असे शब्द आलटून पालटून वापरतो. ललित लेखनात हे शोभेल. येथे मात्र संकल्पनाच विस्कटते. जनगणना हे सर्वेक्षण होय. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली बोटांचे ठसे घेऊन ठाण्यावर हजेरी लावावयास भाग पाडणे, ही पाळत होय. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्यामागची दृष्टी लगेच गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचलेल्या विद्यार्थ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. ठसे तेव्हाही घेतले जात, आजही घेतले जातात. या दोहोंत साम्य किती आणि भेद कोठे, हाच तर निबंधाचा प्रश्न असावयास हवा. चार शब्द एका अर्थाने वापरले की तो विचारताच येत नाही.

मार्गदर्शकाने अशा वाक्यांचे पुनर्लेखन स्वतः करून देऊ नये. कर्ता त्याने पुरवला, तर विधानही त्याचेच होते. समासात ‘कोण?’ एवढेच लिहून निबंध परत द्यावा. विद्यार्थ्याला उत्तर मिळाले तर वाक्य बदलेल. न मिळाल्यास ते वाक्य, कितीही घोटीव असले तरी, निबंधातून काढावे.