भाचीचा इम्तिहान

सध्या आमच्या घरी फजरनंतर अभ्यास सुरू होतो. आमचा नव्हे, भाचीचा. ती न्यू जर्सीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झाले की तिकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. बाळाला झोपवून ती फोन लावते आणि म्हणते, “खाला, विचारा.” मग तिने पाठवलेल्या कागदांवरून आम्ही प्रश्न वाचतो. आम्ही उर्दू-मराठीचे शिक्षक. निम्म्या रसायनांची नावं आमच्या तोंडून अशी निघतात की ती हसत सुटते.

हा इम्तिहान कसला, ते आधी सांगतो. अमेरिकेत १९९० साली ‘ओशा’ या सरकारी खात्याने प्रयोगशाळांसाठी नियम केला. जिथे धोक्याची रसायनं हाताळली जातात तिथे सुरक्षेची लेखी योजना हवी आणि ती राबवणारा नेमलेला माणूस हवा. त्याला ‘केमिकल हायजीन ऑफिसर’ म्हणतात. (हायजीन म्हटल्यावर आम्हाला आधी साबणच आठवला.) त्या माणसाकडे अमुक प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, प्रशिक्षण किंवा अनुभव हवा इतकंच म्हणतो. पण ‘नॅशनल रजिस्ट्री ऑफ सर्टिफाइड केमिस्ट्स’ ही संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. भाचीच्या कंपनीत ही जागा रिकामी होते आहे. साहेबांनी तिला सांगितलं, प्रमाणपत्र आण, जागा तुझी.

पहिल्या वेळी ती नापास झाली. शाळा-कॉलेजात कधी दुसरा नंबर न सोडलेली मुलगी. आठ दिवस कुणाशी बोलली नाही. आपाला आता सांगून झालं आहे, म्हणून इथे लिहितो.

तिचे कागद पाहिल्यावर आम्हाला दुखणं कळलं. वीस वर्षं वर्गात हेच पाहतो आहोत. तिने सगळं पाठ केलं होतं. उदाहरणार्थ, तिकडे इमारतींवर आणि टाक्यांवर धोक्याची चौकोनी खूण असते. निळा रंग आरोग्याचा, लाल आगीचा, पिवळा रसायन किती अस्थिर आहे त्याचा, पांढरा खास सूचनेचा. रंगात शून्य ते चार आकडे, चार म्हणजे सर्वांत वाईट. पण रसायनाच्या माहितीपत्रकात ‘श्रेणी’ लिहितात, तिथे एक नंबर सर्वांत वाईट! दोन्ही तक्ते तिला तोंडपाठ होते आणि पेपरात नेमकी त्यांचीच अदलाबदल झाली. आम्ही सांगितलं, आकडा पाहण्याआधी विचार, हा कुठे लिहिला आहे? खुणेवर की पत्रकात?

दुसरी खोट याहून मोठी. बरेच प्रश्न “आधी काय कराल?” असे असतात. सहकाऱ्याच्या डोळ्यात ॲसिड उडालं. माहितीपत्रक शोधाल, साहेबांना फोन कराल, की आणखी काही? तिला माहितीपत्रकाचे सोळा भाग क्रमाने येत होते, म्हणून तिने पत्रक निवडलं. बरोबर उत्तर सरळ आहे. त्याला हाताला धरून डोळे धुण्याच्या नळाकडे न्यायचं आणि पंधरा मिनिटं धुवायचं. तो नळ दहा सेकंदांत पोचता येईल इतका जवळ असावा, असं तिथलं मानक आहे. फोन दुसरं कुणी करेल.

एक गोष्ट आम्हीही शिकलो. आमची समजूत अशी की सुरक्षा म्हणजे हातमोजे आणि चष्मा. या अभ्यासात ते शेवटच्या पायरीवर आहेत. पहिली पायरी, ती वस्तू मुळात लागते का? मग, तिच्याऐवजी सौम्य काही चालेल का? मग वाफ ओढून घेणारं कपाट, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी मोजे. मागच्या ईदच्या साफसफाईत आम्ही संडासात ॲसिडचं क्लीनर टाकलं आणि वर ब्लीच ओतलं. क्षणात घसा जळायला लागला, बाहेर पळालो. तो क्लोरीन वायू होता. हातात रबरी मोजे होते बरं का. भगिनींनो, या दोन बाटल्या एका वेळी उघडू नका.

मग एक दिवस तिने शहरबानो संगजीबद्दल सांगितलं. तेवीस वर्षांची मुलगी, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन सहाय्यक. २९ डिसेंबर २००८ रोजी ती हवा लागताच पेट घेणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निघाला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २००९ला ती गेली. पुढे विद्यापीठाने तिच्या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली, कारण तिला वकील व्हायचं होतं.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खाला, तक्ते येतील मला. पण उद्या माझ्याहून वीस वर्षं मोठा शास्त्रज्ञ कोट न घालता काम करत असेल, तर त्याला थांबवायला जमेल का? मी तर मीटिंगमध्येही बोलत नाही.”

याचं उत्तर आमच्या कागदांवर नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही ते जमत नाही. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात एक तपकिरी बाटली आहे, तिची चिठ्ठी कधीच गळून गेली. शिपाईमामा हुंगून सांगतात, “ॲसिड असावं.” भाचीने ऐकलं तेव्हा ती ओरडलीच. “हुंगू देऊ नका! मोरीत ओतू नका! दुसऱ्या कशात मिसळू नका!” आम्ही मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, “बघू, परीक्षा होऊ देत.” आम्ही “बरं सर” म्हणून परत आलो.

हे तिला कळवलं, तर तिकडून फक्त “हं” आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. हात थरथरत होते, हे लपवत नाही. म्हटलं, “सर, तोवर कपाटाला कुलूप हवं. किल्ली तुमच्याकडे.” सरांनी वर पाहिलं, मग खणातून कुलूप काढून दिलं. बाटलीवर आम्ही उर्दू आणि मराठीत लिहिलं आहे, ‘काय आहे माहीत नाही, हात लावू नये’, खाली तारीख. तालुक्याच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक सोमवारी येऊन पाहणार आहेत.

भाचीचा पेपर शनिवारी आहे. काल तिने विचारलं, “कुलूप लावलं का?” आम्ही हो म्हणालो. मग ती म्हणाली, “आता विचारा.” आणि आम्ही तेविसावा प्रश्न वाचायला घेतला.